आवाज नेमका कुठे तुटतो? गिरगाव ते लालबाग, ध्वनिवर्धकाच्या बिघाडांचा इतिहास

थ्रेड.

१९३०-३१ ची मुंबई. ग्रँट रोडजवळ, केनेडी पुलाच्या बाजूला इंपीरियल फिल्म कंपनीचा स्टुडिओ. रात्री उशिरा गाड्यांची वर्दळ थांबली, रुळांची थरथर निमाली, की आत दिवे लागत आणि काम सुरू होई. पहाटेची पहिली गाडी धडधडत आली की काम बंद.

कारण साधे होते. आत भारतातील पहिला बोलपट तयार होत होता आणि स्टुडिओच्या भिंती आवाज अडवणाऱ्या नव्हत्या. शेजारून जाणाऱ्या लोहमार्गावर १९२८ पासून विजेच्या लोकल धावू लागल्या होत्या. मायक्रोफोनला नायिकेचा संवाद आणि गाडीची धडधड यांतला फरक समजत नाही. जे त्याच्यापर्यंत पोचते ते तो इमानाने पुढे पाठवतो, आणि पुढचे यंत्र ते मोठे करते.

अर्देशीर इराणी यांनी यंत्राला हात न लावता वेळापत्रक बदलले. बिघडलेल्या ध्वनिवर्धकापुढे बसणारा प्रत्येक कारागीर आजही पहिला प्रश्न हाच विचारतो : दोष पेटीत आहे की पेटीबाहेर?

गिरगाव, ग्रँट रोड, परळ, लालबाग या काही मैलांच्या पट्ट्यात आवाज मोठा करणारी यंत्रे कशी आली, कशी बिघडली, आणि बिघाड शोधणाऱ्याच्या हाती नकळत केवढी सत्ता आली, त्याची ही हकिगत आहे. तिच्या मध्यावर एक खटलाही आहे.

यंत्र येण्यापूर्वी आवाज मोठा करण्याचे साधन एकच होते, माणसाची छाती. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हा कीर्तनकार, मेळेवाले आणि वक्ते यांना चाळीच्या चौकातच भागवावे लागे. चाळीच्या भिंतींवरून परतणारा नाद हाच त्यांचा ध्वनिवर्धक. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान' रंगवले, तेव्हाही शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवण्याची जबाबदारी गळ्याचीच होती. बिघाड झालाच तर घसा बसण्याचा, आणि त्यावर इलाज खडीसाखर.

दरम्यान साता समुद्रापलीकडे एक काचेची नळी तयार झाली होती. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट या अमेरिकी संशोधकाने निर्वात नळीत तापणारी तार आणि धातूची पट्टी यांच्या मधोमध एक जाळी बसवली. जाळीवर अगदी किरकोळ विद्युतदाब बदलला, तरी तारेकडून पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमीजास्त होऊ लागला. हाच तो व्हॉल्व्ह.

येथे एक समजूत दुरुस्त करणे आवश्यक आहे. ध्वनिवर्धक मूळ आवाजाला 'फुगवत' नाही. तो वीजपुरवठ्यातून मोठी शक्ती उचलतो आणि छोट्या आवाजाच्या नमुन्यावर तिला आकार देतो. कालव्याच्या दारावर बसलेला माणूस स्वतः पाणी निर्माण करत नाही, फक्त दार वरखाली करतो, तसे. म्हणून पुरवठ्याचे पाणी गढूळ असेल तर आवाजही गढूळ येतो. अर्ध्याअधिक घरघरीचे मूळ या एका वाक्यात आहे.

१९१५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी विजेच्या प्रवाहावर हलणारे कॉइल कर्ण्याला जोडून दाखवले. १९ सप्टेंबर १९१९ रोजी सॅन डिएगोच्या मैदानात अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन त्या यंत्रातून हजारो लोकांशी बोलले. मायक्रोफोन, व्हॉल्व्ह, कर्णा अशी साखळी पूर्ण झाली होती. साखळी म्हटली की कडी तुटणे आलेच.

आता पुन्हा केनेडी पुलाकडे.

इराणींनी टॅनार बनावटीचे ध्वनिमुद्रण यंत्र मागवले. ते जोडून देण्यासाठी विल्फर्ड डेमिंग हे अमेरिकी तंत्रज्ञ मुंबईत आले. त्यांचे मानधन दिवसाला १०० रुपये. १९३१ च्या मुंबईत ही रक्कम लहान नव्हती आणि इराणींना ती झेपणारी नव्हती. तेव्हा ते स्वतः आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी सुमारे महिनाभर डेमिंग यांच्याकडून मूलतत्त्वे शिकून घेतली आणि ध्वनिमुद्रण आपल्या हाती घेतले.

चित्रपटाच्या इतिहासात ही घटना काटकसरीचा किस्सा म्हणून सांगितली जाते. तिचे खरे वजन त्याहून अधिक आहे. यंत्र बोटीने आणता येते. पण रात्री दोन वाजता ते गप्प झाले, तर का गप्प झाले हे सांगणारा माणूस बोटीने मागवता येत नाही. तो इथेच घडवावा लागतो.

टॅनारची पद्धत एकेरी होती. चित्र आणि ध्वनी एकाच फितीवर, एकाच कॅमेऱ्यात उमटत. हेडफोनवर ठीक वाटलेला आवाज फितीवर प्रत्यक्ष कसा उतरला, हे फीत धुऊन निघाल्यावरच समजे. आवाज बिघडला असेल तर चित्रासह सगळेच पुन्हा. मायक्रोफोन कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून नेपथ्यात मिळेल तेथे दडवावे लागत आणि गाण्यांचे साथीदार चौकटीबाहेर बसून वाजवत. कोणी पाऊल टाकले, लाकूड करकरले, तरी संशयितांची यादी वाढे.

नायक मास्टर विठ्ठल हे मूकपटांतले मोठे नाव. त्यांची हिंदी-उर्दू पुरेशी सफाईदार नसल्याने त्यांच्या पात्राला बराच काळ गुंगीत ठेवून संवाद कमी केले गेले, असे सांगितले जाते. खरे असेल तर दोषनिवारणाचा हा नमुना अव्वल म्हणावा लागेल. दोष मायक्रोफोनच्याही अलीकडचा होता आणि इलाज थेट कथानकावर झाला.

१४ मार्च १९३१. गिरगावचे मॅजेस्टिक सिनेमागृह. 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि गर्दी तिकीट खिडकीवर तुटून पडली. रांग लावण्याची रीत तेव्हा रुळलेली नव्हती. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेल्याची आठवण खुद्द इराणींनी पुढे सांगितली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३२ मध्ये, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपटही याच मॅजेस्टिकमध्ये लागला.

पडद्यावरचे पात्र बोलताना पाहून लोक थक्क होत असताना प्रक्षेपण खोलीत काय चालत असे? त्या काळच्या बोलपटात ध्वनी फितीच्या कडेला प्रकाशाच्या रेघेच्या रूपाने छापलेला असे. एका दिव्याचा बारीक किरण त्या रेघेतून जाऊन फोटोसेलवर पडे. फोटोसेलमधून निघणारा प्रवाह इतका क्षीण असे, की तो व्हॉल्व्हच्या एकामागून एक टप्प्यांतून वाढवावा लागे. मग तो पडद्यामागच्या कर्ण्यांपर्यंत जाई.

प्रेक्षागृहात घरघर सुरू झाली की संशयित अनेक. फीत खराब असेल, दिव्याला मिळणारी वीज स्थिर नसेल, फोटोसेलची जोडणी सैल असेल, ध्वनिवर्धकाचा एखादा टप्पा बिघडला असेल. चालकाला त्यासाठी एक विलक्षण सोपी युक्ती उपलब्ध होती. दिवा आणि फोटोसेल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. घरघर थांबली तर दोष दिव्याकडे किंवा फितीत. चालूच राहिली तर दोष पुढे, ध्वनिवर्धकात. पुठ्ठ्याच्या एका तुकड्याने अर्धी साखळी निर्दोष ठरत असे. दोष शोधण्याचे सगळे शास्त्र मुळात एवढेच आहे : साखळी मधोमध कापायची आणि दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते विचारायचे. मग उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग.

बंद सभागृहातून यंत्र मैदानात आले, ते प्रामुख्याने राजकारणामुळे.

सिंधमधल्या सक्कर येथे १९०९ मध्ये ग्यानचंद मोटवाने यांनी सुरू केलेला विद्युत उपकरणांचा व्यवसाय पुढे मुंबईत आला आणि 'शिकागो रेडिओ' या नावाने प्रसिद्ध झाला. नावात शिकागो असले तरी पेढी या मातीतली. त्यांचे पुत्र नानक मोटवाने यांनी १९३० च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि सभांना ध्वनिक्षेपक पुरवण्याचे काम अंगावर घेतले. त्या काळच्या सभांच्या अनेक छायाचित्रांत गांधीजी किंवा नेहरू यांच्यापुढच्या मायक्रोफोनवर 'शिकागो रेडिओ' ही अक्षरे ठळक दिसतात.

गांधीजींचा आवाज मृदू होता, श्रोते लाखात. मधली दरी भरून काढणारी वस्तू म्हणजे लाकडी फळीवर ठेवलेली, तापून लालसर उजळणारी व्हॉल्व्हची पेटी. ती सभेच्या मध्यावर बंद पडली तर लाखभर माणसांसमोर फक्त ओठ हलताना दिसणार. अशा वेळी व्यासपीठाखाली बसलेल्या माणसावर काय दडपण येत असेल, याची कल्पना करावी.

त्या माणसाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढची कित्येक दशके परळच्या कामगार मैदानापासून शिवाजी पार्कपर्यंत हेच ज्ञान हातोहात गेले.

सुरुवात कर्ण्याकडून. कर्णा अगदीच मुका असेल तर आधी फ्यूज, मग व्हॉल्व्ह पेटले आहेत का ते डोळ्यांनी पाहणे. सगळे पेटले असतील तर शेवटच्या टप्प्याच्या जाळीला पेचकसाचे टोक लावायचे, बोट पेचकसाच्या धातूला टेकवून. माणसाचे शरीर आजूबाजूच्या विजेच्या तारांतली गुणगुण उचलत असते. ती कर्ण्यातून ऐकू आली तर इथून पुढचे सगळे ठीक. मग एक टप्पा मागे, पुन्हा स्पर्श. गुणगुण या वेळी अधिक मोठी यायला हवी. जेथे ती येत नाही, त्याच्या अलीकडे-पलीकडेच दोष.

हे वाचायला सोपे आहे, करायला जिवावरचे. जाळीपासून बोटभर अंतरावर व्हॉल्व्हच्या पट्टीला २५० ते ४५० व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो दाब काही काळ दबा धरून राहतो. म्हणून जुने कारागीर एक हात खिशात ठेवून दुसऱ्या हाताने काम करत. दोन्ही हात पेटीत असले तर प्रवाहाची वाट छातीतून जाते.

आवाज आहे पण घरघर आहे, असे असेल तर घरघरीचा सूर ऐकायचा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा झोके घेते. खालच्या पट्टीतली ५० ची घरघर बहुधा सैल अर्थिंग किंवा मायक्रोफोनच्या तारेवरचे तुटलेले वेष्टण दाखवते. त्याहून वरच्या सप्तकातली १०० ची असेल, तर पुरवठा गाळून घेणारा कंडेन्सर उष्णतेने सुकला आहे. कान तयार असेल तर पेटी न उघडता निदान होते. तंबोऱ्याच्या शहरात हे अवघड जाऊ नये.

मुंबईचा स्वतःचा असा एक रोगही होता, समुद्राच्या हवेचा. त्या काळच्या कंडेन्सरमध्ये मेणात भिजवलेला कागद असे आणि दमट हवेत त्यात ओल शिरे. दोन टप्प्यांमधला असा कंडेन्सर गळू लागला की पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर नको तो दाब चढतो, आवाज फाटतो, आणि थोड्या वेळाने व्हॉल्व्हची पट्टी चुलीतल्या सळईसारखी लाल होते. अननुभवी माणूस महागडा व्हॉल्व्ह बदलतो. नवा व्हॉल्व्हही लाल होतो. मूळ गुन्हेगार असतो स्वस्तातला कंडेन्सर. कार्बनच्या मायक्रोफोनचेही तेच. आतली कोळशाची भुकटी दमटपणाने गोळा झाली की आवाज करकरतो, आणि त्यावरचा उपाय तंत्रग्रंथात शोभणारा नाही : मायक्रोफोनला हलकेच टपली मारणे.

शिट्टी मात्र बिघाडच नव्हे. कर्ण्यातला आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन कर्ण्यातून येतो, पुन्हा शिरतो. डॅनिश शास्त्रज्ञ लार्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चक्रावर पेटी उघडून उपाय सापडत नाही. कर्ण्याचे तोंड फिरवावे लागते. इराणींचाच धडा, मैदानातला.

याउलट, हेच पुन्हा मागे फिरणे शहाणपणाने वापरले तर वरदान ठरते. २ ऑगस्ट १९२७ रोजी हॅरल्ड ब्लॅक या अभियंत्याला न्यूयॉर्कजवळ फेरीबोटीतून कामावर जाताना सुचले, की ध्वनिवर्धकाच्या निकालाचा थोडा अंश उलटा करून आरंभी परत दिला, तर यंत्र आपली चूक आपणच कापून काढते. हाताशी वर्तमानपत्र होते, त्याच्याच पानावर त्याने आकृती काढली.

गिरणगावात कर्ण्याला भोंगा म्हणतात आणि गिरणीच्या पाळीच्या इशाऱ्यालाही भोंगा. एक भोंगा कामावर बोलावी, दुसरा सभेला. लालबाग-परळच्या माणसाला दोन्ही एकाच शब्दाने ओळखता येत होते, ही गोष्ट भाषाशास्त्रज्ञांपेक्षा कामगार चळवळीच्या इतिहासकारांनी अधिक लक्षात घ्यावी अशी आहे.

आणि आता १९४२.

७ आणि ८ ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन भरले. ध्वनिक्षेपक शिकागो रेडिओचे. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह सर्व प्रमुख नेते अटकेत. सभांवर बंदी, वृत्तपत्रांवर नियंत्रण. साखळीच्या भाषेत सांगायचे तर सरकारने मायक्रोफोनच काढून घेतला होता.

गिरगाव चौपाटीवरच्या विल्सन महाविद्यालयाच्या पदवीधर उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी गुप्त रेडिओ केंद्र काढण्याचे ठरवले. राममनोहर लोहियांची साथ होती. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओचा आवाज उमटला. भारतातल्या 'कुठल्यातरी' ठिकाणाहून बोलत असल्याचे तो सांगे. ते ठिकाण बहुतेक वेळा गिरगाव आणि त्याच्या आसपासच असे.

चौपाटीवरची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडचे लक्ष्मी भवन, गिरगावची पारेखवाडी, शेवटी महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला. लहरींची दिशा शोधणारे पोलिसांचे पथक मागावर असल्याने बिऱ्हाड सारखे हलवावे लागे. प्रत्येक स्थलांतरात यंत्र सुटे करणे, नेणे, जोडणे, अँटेना पुन्हा जुळवणे, आणि पहिल्याच प्रसारणात सर्व काही सुरळीत चालवणे.

रेडिओ प्रक्षेपकाचा या थ्रेडशी संबंध काय, असा प्रश्न पडेल. संबंध जवळचा आहे. प्रक्षेपकात रेडिओ लहरींच्या भागाशेजारी एक ध्वनिवर्धकच बसलेला असतो. तो आवाजाला बळ देतो आणि ते बळ लहरींवर लादले जाते. रूढ पद्धतीत लहरींचे बळ जितके वॅट, त्याच्या निम्मे वॅट ध्वनिवर्धकाने पुरवावे लागतात, तरच आवाज पूर्ण भरतो. ध्वनिवर्धक दुबळा किंवा सदोष असला तर लहर दूरवर पोचते, पण तिच्यावर शब्द ऐकू येत नाहीत. चालू आहे पण मुके आहे, असे केंद्र. आणि गुप्त केंद्राला श्रोते तक्रार कळवू शकत नाहीत.

म्हणून सर्व काही एका माणसावर अवलंबून होते, जो हे यंत्र बांधू आणि सांभाळू शकेल. तो माणूस नरिमन प्रिंटर. हौशी रेडिओचालक म्हणून त्याच्याकडे पूर्वी परवाना होता. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच असे परवाने स्थगित झाले. यंत्र त्याने बांधले.

काँग्रेस रेडिओच्या मंडळींनी कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण एका जागी आणि प्रक्षेपण दुसऱ्या जागी ठेवले होते. एक जागा पकडली गेली तरी दुसरी वाचावी. साखळी मधोमध कापण्याचीच ही युक्ती, फक्त हेतू उलटा. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, विदर्भातल्या आष्टी-चिमूरचे अत्याचार, अशा ज्या बातम्या वृत्तपत्रांना छापता येत नव्हत्या, त्या या केंद्राने दिल्या.

पण एक कडी अशी होती जिला पर्याय नव्हता, आणि ती काचेची किंवा तांब्याची नव्हती. प्रिंटर पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने ठिकाण दाखवले. १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पॅराडाइज बंगल्यावर छापा पडला. प्रसारण चालू असतानाच उषा मेहता आणि चंद्रकांत झवेरी पकडले गेले. सुमारे अडीच महिन्यांचे केंद्र बंद झाले.

प्रिंटरला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोचणारी गोष्ट वेगळी : एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या मोठ्या चळवळीत, यंत्राची नाडी ओळखणारे हात मोजकेच होते. इराणींनी १९३१ मध्ये महिनाभर शिकून जे परावलंबन टाळले, ते येथे टळले नाही. नेत्यांच्या जागी दुसरे नेते उभे राहिले, निवेदकांच्या जागी दुसरे निवेदक उभे राहू शकत होते. तंत्रज्ञाची जागा तशी भरणारी नव्हती.

खटल्यातील पाच आरोपींत ध्वनिक्षेपक पुरवणारे नानक मोटवानेही होते. मे १९४३ मध्ये निकाल लागला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषा मेहता यांना चार, चंद्रकांत झवेरी यांना एक वर्ष. मोटवाने आणि विठ्ठलदास झवेरी निर्दोष सुटले. उषा मेहता १९४६ मध्ये येरवड्यातून बाहेर आल्या.

स्वातंत्र्यानंतर हे ज्ञान मोजक्या हातांत राहिले नाही. त्याचे श्रेय बऱ्याच अंशी एका रस्त्याला जाते. लॅमिंग्टन रोड, आजचा डॉ. भडकमकर मार्ग. व्हॉल्व्ह, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर, पुढे ट्रान्झिस्टर आणि आयसी, सगळे सुटे विकत मिळणारा बाजार येथे वाढला. इंपीरियलच्या स्टुडिओपासून आणि पारेखवाडीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. ज्याला पेटी परवडत नव्हती तो सुटे भाग घेऊन स्वतः जोडू लागला, आणि जोडणाऱ्याला दुरुस्तीही येतेच.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत शिवाजी पार्कवर आचार्य अत्रे बरसत होते, अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचे पोवाडे कामगार वस्तीत घुमत होते, तेव्हा प्रत्येक वस्तीत एखाददुसरा 'लाउडस्पीकरवाला' तयार झालेला होता. अमर शेखांच्या पहाडी गळ्याला यंत्राची गरज किती, हा वादाचा विषय. गर्दीच्या शेवटच्या टोकाला मात्र गरज होती.

ट्रान्झिस्टरचे ध्वनिवर्धक आले आणि दुरुस्तीचे व्याकरण उलटे झाले. व्हॉल्व्हची पेटी कर्णा न जोडता जोरात चालवली, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळून तो जळतो. तिला तुटलेल्या तारेचे भय. ट्रान्झिस्टरच्या पेटीला कर्णा जोडला नाही तरी सहसा चालते, पण कर्ण्याच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या की क्षणात शेवटचे ट्रान्झिस्टर जातात. तिला जुळलेल्या तारेचे भय. जुन्या सवयीचे हात नव्या पेटीवर गेले की नुकसान ठरलेलेच.

लालबागमध्ये १९३४ पासून बसणारा राजा, चिंचपोकळीचा १९२० पासूनचा चिंतामणी, आणि आसपासची असंख्य मंडळे. भाद्रपद म्हणजे पावसाचे दिवस. बांबूवर ओळीने टांगलेले वीस-पंचवीस भोंगे एकाच लांब तारेवर, दर भोंग्याला छोटा ट्रान्सफॉर्मर. सर आली, एखाद्या जोडात पाणी शिरले, तारा आतून जुळल्या, की एक भोंगा सगळ्या गल्लीला मुके करतो. आरतीची वेळ, ताटे हातात, आणि यंत्र गप्प.

अशा वेळी शिडीवर चढलेला मुलगा एकेक भोंगा तपासत बसत नाही. तो ओळीच्या मध्यावर तार सोडवतो. अलीकडचे बोलू लागले तर दोष पलीकडे. मग उरलेल्यांच्या मध्यावर. पंचवीस भोंग्यांत पाच वेळा तार सोडवली की ओला जोड सापडतो. ही रीत त्याला दुसऱ्या एखाद्या शिडीवरच्या माणसाने शिकवलेली असते. मॅजेस्टिकच्या प्रक्षेपण खोलीतला पुठ्ठ्याचा तुकडा त्याने पाहिलेला नसतो.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर भोंगे लावण्यावर निर्बंध आणले आणि तक्रारीची दिशाच पालटली. एकेकाळी आवाज पोचत नाही म्हणून माणूस धावत असे, आता पोचतो म्हणून. तो इतिहास स्वतंत्र थ्रेडचा आहे.

मॅजेस्टिक सिनेमागृह आता नाही, त्या जागी त्याच नावाचे खरेदी संकुल उभे आहे. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. गाड्या थांबण्याची वाट पाहून रात्री मुद्रित केलेला तो आवाज कोणालाच ऐकता येत नाही.

काँग्रेस रेडिओचे शब्द मात्र बऱ्याच प्रमाणात वाचता येतात. केंद्र शोधून बंद पाडण्यासाठी सरकारने प्रसारणे रोज ऐकण्याची व्यवस्था केली होती. ऐकणाऱ्यांनी ती उतरवून काढली, ते कागद सरकारी दप्तरात राहिले, आणि उषा ठक्कर यांच्या २०२१ च्या ग्रंथातून वाचकांसमोर आले.